एचपी पुरतो, क्लच, वजन आणि वाफ्यांचं काय?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातले एक दूध उत्पादक शेतकरी लिहितात की, घरी १० दुभती जनावरं आणि ४ कालवडी आहेत. अडीच एकर लसूणघास, दीड एकर मारवेल आणि ५ एकर माळ, ज्यावर पावसाळ्यात पवन्या आणि कुसळी उगवते. दारात १९९६ सालचा ३५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. पाच फुटी रोटाव्हेटर तो अजून चालवतो. मात्र क्लच सिंगल आहे, म्हणजे क्लच दाबला की चाकांबरोबर पीटीओही (मागच्या अवजाराला फिरता जोर देणारा दांडा) थांबतो, आणि आरपीएमचा काटा कधीच बंद पडलाय. कापणीला माणसं मिळेनात म्हणून जास्तीचा चारा यंत्रानं कापून वाळवून ठेवायचाय. एका दुकानदाराकडे १६५ सेंटिमीटरचा जुना ड्रम मोवर (फिरत्या ड्रमखालच्या पात्यांनी गवत कापणारं यंत्र) आहे. मुलाला कंडिशनर (कापलेला चारा लवकर वाळावा म्हणून चेचणारा भाग) असलेला डिस्क मोवर हवाय. धाकटा भाऊ म्हणतो, हा ट्रॅक्टर विका आणि ५० एचपीचा घ्या, म्हणजे प्रश्नच मिटला. ते विचारतात, "३५ एचपी पुरेल का, एवढंच सांगा."

नमस्कार.

पुरेल. पण तेवढंच सांगून थांबलो तर तुमचं नुकसान होईल, कारण जुन्या ट्रॅक्टरला मोवर जुळवताना एचपी हा सर्वांत सोपा भाग असतो. अडचण येते ती क्लचपाशी, पुढच्या चाकांवर उरलेल्या वजनापाशी आणि शेताच्या आखणीपाशी. आणि त्याही आधी एक प्रश्न मला तुम्हालाच विचारायचाय: यंत्रानं कापायचं क्षेत्र खरोखर किती आहे?

हिशेब मांडू. लसूणघासाची एक कापणी गुंठ्याला साधारण ८० ते १०० किलो हिरवा चारा देते. तुमच्या गोठ्याला रोजचा दीडशे किलो लसूणघास धरला, तर रोज दीड ते दोन गुंठे कापावे लागतात. कापणी २५ ते ३० दिवसांनी फिरून येते, म्हणजे रोजच्या हिरव्या चाऱ्यातच ५० गुंठे अडकले. उरले सव्वा एकर. तो सव्वा एकर आणि दीड एकर मारवेल एवढंच तुमचं वाळवणीचं क्षेत्र. पावसाचे महिने सोडून लसूणघासाच्या सात कापण्या आणि मारवेलच्या चार धरल्या, तर वर्षाला पंधराएक एकर होतात. छोटे तुकडे आणि वळणं धरून १३५ सेंटिमीटरचा मोवर तासाला एक एकर सहज कापतो. वर्षाचं काम झालं पंधरा तासांचं. माळ यंत्रानं कापता आला, तर आणखी पाच तास.

भावाला हे आकडे दाखवा. वर्षाच्या पंधरा-वीस तासांसाठी चालता ट्रॅक्टर विकून कर्ज काढण्यात मला शहाणपण दिसत नाही. ५० एचपीची गरज नांगरटीसाठी किंवा ऊसवाहतुकीसाठी असेल, तर तो विचार वेगळा करा. त्यात मोवरचं निमित्त आणू नका. १६५ चा मोवर घेतला, तर १३५ च्या तुलनेत वर्षाला चारेक तास वाचतील. त्या चार तासांसाठी जास्त वजन आणि जास्त ताण ट्रॅक्टरवर घालायचा का, हे तुम्ही ठरवा. आणि रोजचे दोन गुंठे कापायला ट्रॅक्टर काढूच नका. तिथे पाठीवरचा ब्रश कटर किंवा हातानं चालवायचा छोटा रीपर डिझेलही वाचवतो आणि ओल्या वाफ्यात चाकंही रुतत नाहीत.

आता एचपी. इंजिनचे ३५ म्हणजे पीटीओवर साधारण ८५ टक्के, ३० धरा. ट्रॅक्टरचं वय पाहता आणखी १० टक्के सोडा, उरले २७. त्यातला पाचवा भाग दाट गवतासाठी राखून ठेवला की हाताशी २१-२२ एचपी राहतात. यातले पाच-सहा ट्रॅक्टर स्वतःला पुढे ढकलायला खातो. म्हणजे मोवरसाठी पंधरा-सोळा.

मोवरची भूक त्याच्या जातीवर आणि रुंदीवर ठरते. डिस्क आणि ड्रम मोवरला एका मीटरला सुमारे ५ किलोवॅट, म्हणजे पावणेसात एचपी लागतात. १३५ ला ९, १६५ ला ११, दोन्ही बसतात. मुलाला हवाय तो कंडिशनरवाला डिस्क मोवर मीटरला ८ किलोवॅट घेतो. तो अडीच मीटरच्या आसपासच्या रुंदीत असेल, तर २७ एचपी नुसत्या मोवरला हवेत, शिवाय वजन वेगळं. तो तुमच्या ट्रॅक्टरचा नाही. फ्लेल मोवर, म्हणजे हातोड्यांनी गवत झोडपणारा, मीटरला १० किलोवॅट खातो आणि चाऱ्याचा चुरा करतो. वाळवणीसाठी तो मुळातच चुकीचा. सर्वांत कमी भूक कात्री पद्धतीच्या कटर बारची. मीटरला सव्वा किलोवॅटसुद्धा लागत नाही, त्यामुळे पाच फुटी कटर बार २५ एचपीचा ट्रॅक्टरही हसत चालवतो. कंपनीच्या माहितीपत्रकात यापेक्षा मोठे आकडे दिसतील. त्यात मोवरचं वजन पेलण्याचा आणि दाट पिकाचा विचार धरलेला असतो. दुकानदार "३५ पासून पुढे" म्हणाला, तर ते खोटं नाही. फक्त तो आकडा नव्या ट्रॅक्टरचा असतो.

तुमच्या मॉडेलचा पीटीओवरचा खरा एचपी, पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांना (मोवरला हाच वेग लागतो) इंजिनचा वेग किती लागतो आणि लिफ्ट किती किलो उचलते, हे सगळं मध्य प्रदेशातल्या बुधनी इथल्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेच्या चाचणी अहवालांत असतं. तुमच्या मॉडेलचा अहवाल मिळवा. अंदाजापेक्षा तो बरा.

आता खरा मुद्दा: सिंगल क्लच. ड्रम मोवरची दोन जड ड्रम मिनिटाला दोनेक हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत असतात. तुम्ही क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण ड्रममध्ये साठलेला जोर कुठे जाणार? सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओ आणि चाकं क्लचच्या एकाच बाजूला गिअरबॉक्समधून जोडलेली असतात. त्यामुळे तो जोर उलटा पीटीओ शाफ्टमधून गिअरबॉक्समध्ये आणि तिथून चाकांत जातो. क्लच दाबलेला असूनही ट्रॅक्टर काही फूट पुढे सरकत राहतो. समोर बांध असो, विहिरीचा काठ असो की माणूस. ब्रेक दाबला, तर तो ताण शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर आणि गिअरच्या दातांवर येतो. रोटाव्हेटरवर हे तुम्हाला जाणवलं नसेल, कारण मातीत रुतलेली पाती क्षणात थांबतात.

यावर उपाय स्वस्त आणि पक्का आहे. पीटीओच्या दांड्यावर ओव्हररनिंग क्लच बसवा. काही ठिकाणी त्याला फ्रीव्हील म्हणतात. तो इंजिनकडून मोवरकडे जोर जाऊ देतो, उलट येऊ देत नाही. काही मोवरच्या पीटीओ शाफ्टमध्येच तो बसवलेला असतो, म्हणून आधी तपासा. शाफ्टचं मोवरकडचं टोक हातानं दोन्ही दिशांना फिरवा. एका दिशेला मोकळं फिरलं आणि दुसऱ्या दिशेला लगेच पकडलं, तर फ्रीव्हील आहे. नसेल, तर ३५ मिलिमीटरच्या, सहा स्प्लाइनच्या (दांड्यावरच्या उभ्या दात्यांच्या) दांड्याला बसणारा वेगळा घ्या. ट्रॅक्टरचा दांडा नीट साफ करा, लॉकची पिन खाचेत बसल्याची खात्री करा आणि कामाच्या दिवशी त्याला ग्रीस द्या. कोरडा राहिला तर तो आतून अडकतो, आणि अडकलेला फ्रीव्हील नसल्यासारखाच.

एक गोष्ट इथे बरेच जण विसरतात. हा क्लच बसवला की दांडा काही इंच मागे वाढतो, आणि जुना पीटीओ शाफ्ट तेवढाच लांब पडतो. तसाच जोडून लिफ्ट वरखाली केली, तर शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत पूर्ण शिरून टेकतात आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर घाव बसतो. म्हणून शाफ्टचे दोन भाग वेगळे करून दोन्ही टोकांना जोडा, शेजारी शेजारी धरा, लिफ्ट हळूहळू वरखाली करून अंतर सर्वांत कमी कुठे होतं ते पाहा. त्या जागी दोन-अडीच सेंटिमीटर मोकळीक उरेल, एवढ्या बेतानं आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्ही प्लास्टिक कव्हर सारखीच कापा. कापलेली कड कानशीनं घासून ग्रीस लावा. अंतर सर्वांत जास्त असतानाही नळ्या किमान १५ सेंटिमीटर एकमेकींत राहिल्या पाहिजेत. नाही राहिल्या, तर नवा लांब शाफ्ट घ्या. वेल्डिंग करून जोडू नका.

फ्रीव्हील बसल्यावर ड्रम क्लच दाबल्यानंतरही बराच वेळ फिरत राहतात. ते पूर्ण थांबेपर्यंत खाली उतरायचं नाही.

सिंगल क्लचची दुसरी अडचण कापताना येते, आणि ती फ्रीव्हीलनं सुटत नाही. दाट गवतात मोवर तुंबला, तुम्ही क्लच दाबला, गिअर न्यूट्रल केला, क्लच सोडून ड्रम मोकळे केले; इथवर ठीक. पुढे जायला पुन्हा क्लच दाबून गिअर टाकलात, की ड्रम मंदावतात, आणि ट्रॅक्टर व मोवर दोन्ही एकाच क्षणी उभ्या गवतात घुसतात. लगेच दुसऱ्यांदा तुंबतं. म्हणून दर वेळी आधी चार-पाच मीटर मागे या, कापलेल्या पट्ट्यावर ट्रॅक्टर लोअर गिअरमध्ये हळू सोडा, रेस वाढवा आणि ड्रम पूर्ण वेगात आल्यावरच उभ्या गवतात शिरा. सुरुवातही तशीच: इंजिन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवून क्लच हळू सोडायचा, मग रेस. भर रेसवर क्लच सोडला की मोवरचे पट्टे घसरून जळतात किंवा शिअर बोल्ट (जास्त ताण आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट) तुटतो. तुटलेल्या शिअर बोल्टच्या जागी हाताला लागेल तो कडक बोल्ट घालू नका. पुढच्या वेळी बोल्टाऐवजी गिअरबॉक्स जाईल.

आरपीएमचा काटा बंद आहे, तोही सोडवून घ्या. ड्रम आणि डिस्क मोवरचं पातं गवताला वेगानं मारतं, त्याला मागे आधार नसतो. वेग कमी पडला की गवत कापलं जायच्याऐवजी फाटतं, खुंट चिरफळतात आणि लसूणघासाची पुढची फूट उशिरा येते. हातात धरायचा, लांबून मोजणारा टॅकोमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. पीटीओच्या दांड्यावर चमकणारी पट्टी चिकटवा, मोवर न जोडता पीटीओ चालू करा, ५४० फेऱ्या भरतात तिथे हातरेसच्या लिव्हरजवळ रंगानं खूण करा. कामात इंजिनचा आवाज बसायला लागला आणि धूर सतत काळा येऊ लागला, तर रेस वाढवू नका, एक गिअर खाली या.

चाकांचा वेगही मोजून घ्या. त्याच खुणेवर रेस ठेवून ३० मीटर अंतर किती सेकंदांत जातं ते पाहा. १०८ ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. १८ सेकंद लागले, तर वेग ६. ड्रम मोवरला ६ ते १० चा गिअर चालतो, कटर बारला ५ ते ७ चा. तुमच्या गिअरबॉक्समध्ये ३ नंतर एकदम ९ चा गिअर असेल, तर ड्रम मोवर सपाट रानात ९ वर चालेल, कटर बार मात्र चालणार नाही. एवढ्या वेगात त्याची पाती गवत अर्धवट सोडून पुढे जातात.

वजनाकडे वळू. ड्रम मोवर ट्रॅक्टरच्या मागे नाही, मागे आणि उजवीकडे लटकतो. १३५ चा साधारण ३०० किलोच्या आसपास, १६५ चा त्याहून चांगलाच जड. नेमकं वजन मोवरच्या पाटीवर असतं. लिफ्ट ते उचलते, म्हणून माणूस निश्चिंत होतो. पण उचलल्यावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. उदाहरण घ्या: ट्रॅक्टर १,७८० किलोचा, त्यातले ६८० पुढच्या चाकांवर. मोवर ३६० किलोचा, त्याचा भार मागच्या धुरीपासून दीड मीटर मागे, दोन धुऱ्यांतलं अंतर १.८ मीटर. पुढून ३०० किलो कमी होतात, उरतात ३८०. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा भाग, इथे ३५६ किलो, राहायलाच हवा. म्हणजे हे कसंबसं जमतं. खड्ड्यात उसळी बसली की जमत नाही. पुढे ५०-६० किलोची वजनं लावली की काम सुरक्षित होतं. कागदावर हिशेब नको असेल, तर जवळच्या वजनकाट्यावर जा: एकदा पूर्ण ट्रॅक्टर मोवरशिवाय, एकदा मोवर उचलून फक्त पुढची चाकं. दोन पावत्यांत उत्तर मिळेल.

जोडणीच्या पिनाही मोजा. खालच्या आर्मची भोकं २२ मिलिमीटरच्या पिनेची असतील, तर ती पहिली श्रेणी, २८ ची असतील तर दुसरी. लहान पिनेवर मोठं भोक असेल, तर बुश घाला. तार गुंडाळून चालवू नका. चेक चेन (खालच्या आर्मना डुलू न देणाऱ्या साखळ्या) दोन्ही बाजूंनी ताणून घ्या. बाजूला लटकणारा मोवर सैल चेनवर डुलला की त्याचे धक्के थेट पीटीओ शाफ्टवर जातात. पीटीओचा दांडा हातानं धरून हलवून पाहा. खडखड वाजत असेल, मागून तेल गळत असेल किंवा स्प्लाइन झिजून धारदार झाल्या असतील, तर मोवर घेण्याआधी बेअरिंग, सील आणि दांडा बदला.

आता शेत. पत्रात वाफ्यांबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते तिथेच सर्वांत जास्त मोवर निकामी ठरतात. आपल्याकडे लसूणघास सपाट वाफ्यांत, चारी बाजूंनी वरंबे घालून करतात. विळ्यासाठी ते ठीक. मोवरच्या ड्रमखालची थाळी जमिनीवर घसरत चालते. दर काही मीटरवर वरंबा आला की एकदा माती खरवडते, पुढे गवत उंच सोडते. चाक वरंब्यावर चढलं की मोवर तिरका होतो आणि लसूणघासाचं खोडच कापलं जातं. फूट त्या खोडातून येते, म्हणून जमिनीपासून ५ ते ७ सेंटिमीटर वरच कापायला हवं. वाळवणीचा सव्वा एकर वेगळा काढा, तिथलं पुढचं पीक आडव्या वरंब्यांशिवाय लांब पट्ट्यांत घ्या, जमल्यास तुषार सिंचनावर. आरएल-८८ सारखा बहुवर्षायू वाण तीन-चार वर्षं रानात राहतो, त्यामुळे आखणी एकदाच नीट करा. तोवर मोवर मारवेलवर चालवा; तिथे वरंब्यांचा त्रास कमी आणि खोडाला इजाही कमी. कापणीआधी चार-पाच दिवस पाणी तोडा, काळ्या रानात तर नक्कीच.

उंची वाढवायला थाळीखाली रिंग मिळतात. त्या आहेत का, हे दुकानदाराला विचारा. टॉप लिंक (जोडणीचा वरचा दांडा) लांब करून उंची वाढवण्याचा प्रयत्न थोडाच चालतो. उलट, टॉप लिंक आखडून मोवर पुढे झुकवला की पाती माती उडवतात आणि ती माती वैरणीतून जनावराच्या पोटात जाते. कापताना लिफ्टची लिव्हर पूर्ण खाली ठेवा, मोवर स्वतःच्या थाळीवर तरंगू द्या.

मोवर उजवीकडे असल्यानं उभं गवत उजव्या हाताला ठेवून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, बाहेरून आत कापत या. पहिल्या फेरीत बांधाकडचं गवत चाकाखाली दबतं. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर उलट दिशेनं एक फेरी मारून ते काढा. मागच्या चाकांची रुंदी अशी ठेवा की उजवं चाक उभ्या गवतावरही चढणार नाही आणि कापून पडलेल्या ओळीवरही नाही. रिम उलटी करून ही रुंदी बदलता येते.

माळाबद्दल मी ठाम आहे: उताराचा आणि दगडाचा भाग सोडून द्या. १० मीटर आडव्या अंतरात चढ पावणेदोन मीटरपेक्षा जास्त असेल, तर बाजूला वजन लटकवून तिथे ट्रॅक्टर नेऊ नये. त्याहून सौम्य उतारावर जाताना मोवर चढाच्या बाजूला राहील अशीच दिशा धरा. दगडाला पातं लागलं, तर तो गोळीसारखा उडतो. मोवरभोवतीचा कापडी पडदा फाटका असेल, तर आधी तो शिवून घ्या, आणि काम चालू असताना ५० मीटरच्या आत माणूस, मूल, जनावर येऊ देऊ नका. पीटीओ शाफ्टचं कव्हर साखळीनं बांधलेलं हवं. फिरत्या शाफ्टजवळ उपरणं, ओढणी, पदर, धोतर घेऊन कुणीही जायचं नाही.

दुकानदाराकडचा जुना मोवर पाहायला जालच, तर ट्रॅक्टर न जोडता तपासा. एक ड्रम हातानं पूर्ण फिरवा: दुसरा उलट दिशेनं, सारख्या लयीत फिरला पाहिजे आणि दोघांची पाती एकमेकांना शिवता कामा नयेत. शिवत असतील, तर आतल्या गिअरची जुळणी सरकली आहे. ड्रम वरखाली हलवून बेअरिंग पाहा. पात्यांच्या बोल्टची भोकं लांबट झाली असतील, तर पातं सुटून उडू शकतं. पाती एका ड्रमची सगळी एकदम बदलायची असतात. एकच नवं घातलं तर तोल जातो आणि बेअरिंग फुटतं. दगडाला धडकल्यावर मोवर मागे वळावा म्हणून एक सुटणारं कुलूप असतं, ते गंजून गच्च बसलंय का, पाहा. आणि पट्टे, पाती, बेअरिंग तुमच्या तालुक्यात मिळतात का, हे भाव करण्याआधी विचारा.

कटर बारचा पर्यायही मनात राहू द्या. कमी वजन, कमी ताण, ड्रममधला साठलेला जोर जवळजवळ नाही, आणि कापलेलं गवत पसरून पडतं, त्यामुळे वाळतं लवकर. ड्रम मोवर गवताची अरुंद ओळ टाकतो, ती त्याच दिवशी पसरवावी लागते. पण कटर बारला रोजची निगा हवी: पात्यांना धार, सैल रिव्हेट, वाकलेलं गार्ड (पात्यापुढचं स्थिर बोट). पात्याचं टोक खालच्या लेजर प्लेटला (गार्डवरच्या स्थिर पट्टीला) टेकलेलं आणि मागची बाजू किंचित उघडी हवी. पात्याची धाव संपते तिथे ते बरोबर गार्डच्या मध्यावर यायला हवं. आणि बारचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा फुटाला पाव इंच पुढे, पाच फुटी बारला सव्वा इंच. हार्वेस्टर दुरुस्त करणारा कारागीर जवळ असेल, तर त्याला हे नवं नाही. तीन इंची पाती त्याच्याकडे असतातही, फक्त भोकांचं अंतर जुळवून घ्या. लोळलेला लसूणघास आणि वारुळं असलेलं रान मात्र कटर बारला मानवत नाही.

तुमच्या बाबतीत माझा कौल असा: १३५ चा ड्रम मोवर, फ्रीव्हीलसह, आणि पुढे वजनं. कारागीर हाताशी असेल आणि बजेट आखूड असेल, तर पाच फुटी कटर बार. १६५ चा जुना मोवर उत्तम स्थितीत आणि १३५ पेक्षा स्वस्त मिळत असेल, तरच घ्या. वजनकाट्यावर जाऊन मग.

वाळवणीबद्दल थोडंच. दव उडाल्यावर कापा, ओळ लगेच पसरा. लसूणघास उन्हात कडक झाल्यावर हलवला, तर पानं गळतात आणि प्रथिनं पानांतच असतात. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे दव असतानाच उलथवा. ओलावा १५ ते १८ टक्क्यांवर आल्याशिवाय गंजी रचू नका. ओली गंजी आतून तापते, बुरशी धरते, क्वचित पेटतेही. आणि मोवर चालला की रेडिएटरची जाळी गवताच्या कुसळांनी भरते. दर तासाला इंजिन बंद करून झाडा. तेलाचा एअर क्लीनर असेल, तर त्या दिवसांत रोज उघडून पाहा.

नवा मोवर घेणार असाल, तर कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आधी अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा. आधी घेतलेल्या यंत्राचं बिल चालत नाही. पंधरा तासांच्या कामासाठी पूर्ण पैसे एकट्यानं घालायचे नसतील, तर शेजारच्या दोन-तीन दूध उत्पादकांना विचारा किंवा जवळच्या अवजारे बँकेत चौकशी करा. भागीत घेतलात, तर पाती, ग्रीस आणि तुटलेला शिअर बोल्ट कोणी द्यायचा, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.